वाचक विचारतात : शाळेसाठी निधी कसा उभारावा?

प्रश्न : आमच्या विद्यार्थी मंडळाला शाळेच्या ग्रंथालयासाठी निधी उभारायचा आहे. दरवर्षी आम्ही वस्तू आणून विकतो. परंतु श्रमांच्या मानाने हाती फारसे काही लागत नाही. वेगळे काय करता येईल?

उत्तर : विकत आणलेल्या वस्तूंच्या विक्रीत मिळकतीचा मोठा भाग खरेदीतच जातो, म्हणून ज्याला भांडवल लागत नाही, असा उपक्रम निवडावा. ग्रंथालयासाठी तर वाचनसंकल्प अगदी साजेसा आहे. ठरावीक मुदतीत विद्यार्थ्याने जितकी पाने वाचली, त्या प्रमाणात नातेवाईक व शेजारी आधी कबूल केलेल्या दराने रक्कम देतात. मात्र कमाल मर्यादा आधीच लिहून घ्यावी, कारण एखादे झपाटलेले मूल ३०० ऐवजी ३,००० पाने वाचून काढते आणि आजोबांची पंचाईत होते. वाचनाची नोंद शिक्षकांनी तपासावी आणि मुदत संपल्यावर आठवडाभरात रकमा गोळा कराव्यात. उशीर झाला की आश्वासने विरून जातात. जोडीला जुन्या पुस्तकांची विक्री ठेवता येईल. जमाखर्चाचा हिशेब दोघांच्या सहीने ठेवून फलकावर लावावा. कोणी किती दिले, याची यादी मात्र लावू नये. ज्यांच्या घरून काही येऊ शकले नाही, त्या मुलांना ती बोचते.