हर्णै बंदरात बसून जलरंग: तिथी, वारा आणि जागा

तुमची अडचण अशी, की देवळं आणि वाडे समोर बसून रंगवता येतात, पण कोकणातल्या हर्णैला मासळीच्या लिलावाच्या वेळी बसलात तर रेखाटन होईस्तोवर होडी निघून गेली, पाणी हटलं, उजेड फिरला. मग फोटो काढून घरीच रंगवावं का? माझ्या मते नको. बंदर हलतं खरं, पण मन मानेल तसं हलत नाही. ते कधी, कुठे हलणार हे आदल्या दिवशी घरी बसून कळतं.

रंगपेटीआधी कालनिर्णय काढा. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. दिवसा तीच, रात्रीही तीच, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण चित्रकाराला तेवढं चालतं.

आता हे संध्याकाळच्या लिलावाला लावून बघा. पौर्णिमेला उधाण, आणि सहाच्या सुमारास पाणी पार खाली. ओल्या वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो, त्यात माणसांची आणि होड्यांची प्रतिबिंबं. देखणं, पण नवख्याला अवघड. चतुर्थीला त्याहून वाईट, कारण ओहोटीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मं पाणी उतरतं आणि ते दोन तास नेमके पाच ते सात. अष्टमी-नवमीला मात्र भांग, म्हणजे पाण्याची चढउतारच कमी, शिवाय संध्याकाळी भरती टोकाला आलेली, त्यामुळे पाण्याची कड बराच वेळ जागच्या जागी राहते. पहिल्यांदा तेव्हाच जा.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. नांगरावरची होडी वाऱ्याकडे नाळ, म्हणजे पुढचं टोक, करून उभी राहते. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा वारा, असतो तोवर नाळा जमिनीकडे, म्हणजे तुमच्याकडे. दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुटला की सगळ्या फिरतात आणि तुम्हाला मागची बाजू दिसायला लागते. अर्धं चित्र सकाळी आणि अर्धं दुपारी केलं की होड्या चार दिशांना तोंड करून उभ्या राहतात. प्रदर्शनात ते खपून जाईल, पण होडीचा म्होरक्या असलेला एखादा तांडेल मागे उभा राहिला तर पहिली चूक तीच काढेल. म्हणून आधी सगळ्या नाळांची दिशा हलक्या पेन्सिलीने मारून घ्या. त्यातली एखादी होडी गेली तर जाऊ द्या. तशाच बांधणीची दुसरी थोड्या वेळात येते, तिच्यावरून उरलेलं पुरं करा. चित्राला नोंदणी क्रमांक लागत नाही!

समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळी ऊन तुमच्या पाठीवर आणि समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचा तट, होड्यांचे निळे-तांबडे पट्टे स्वच्छ उजेडात. रंग हवे असतील तर सकाळ. संध्याकाळी सूर्य समोर, होड्या सावलीत. इथेच फोटो फसवतो. कॅमेरा आभाळ सांभाळायला जातो आणि होडीचं अंग सपाट काळं करून टाकतो. डोळे बारीक करून प्रत्यक्ष बघा: वाळूला टेकलेल्या होडीचं पोट वरच्या फळ्यांपेक्षा उजळ असतं, कारण ओल्या वाळूवरून उजेड उलटून तिथे पडतो. तांबूस, किंचित पिवळट. वरचा भाग थंड, जांभळट. ही एवढी एक गोष्ट कागदावर आली की होडी गोल दिसायला लागते. काळा रंग पेटीतून काढूनच ठेवा. जाळ्यांचे ढीग म्हणजे एक हिरवा-निळा आकार, वर कोरड्या ब्रशचे दोन फटकारे, बस. भोकं काढत बसू नका.

कागद क्वार्टर इम्पीरियल (साधारण ११ × १५ इंच), जाड, ३०० जीएसएमचा. त्याहून मोठा वाऱ्यात आवरत नाही. हवा दमट, पहिला वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, लवकर वाळत नाही. तोवर हातवहीत माणसं टिपा: टोपली डोक्यावर घेतलेली, वाकलेली, पैसे मोजणारी.

जागेचं महत्त्वाचं. होडी आणि लिलावाचं कोंडाळं यांच्यामध्ये बसायचं नाही. ती टोपल्यांची आणि बैलगाड्यांची वाट, लोकांच्या पोटापाण्याची. कडेला बसलेल्या एखादीला “मावशी, इथं बसू का?” एवढं विचारलं की काम होतं. उलट मग ती तुमच्यासमोरची गर्दी हटवते! गर्दीचा संकोच वाटत असेल तर बंदराजवळच्या कनकदुर्ग किल्ल्याच्या पायऱ्या चढा, वरून सगळं बंदर दिसतं. धक्क्यावर उतरलंच पाहिजे असा काही नेम नाही. फ्रेंच चित्रकार मोनेने ल आव्हर बंदराचा तो गाजलेला सूर्योदय १८७२ साली हॉटेलच्या खिडकीतूनच रंगवला.

आणि होडीची बांधणीच हाताला बसत नसेल, तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, हलत नाहीत, पठाणापासून, म्हणजे तळाच्या कण्यापासून, डोलकाठीपर्यंत सगळं उघडं. तेव्हा नुसती पेन्सिल न्या, आणि छत्री धरायला कोणीतरी.