मजूर हवे होते, तर फारोने इस्राएलांचे मुलगे का मारले?

मजुरांवरच राज्य उभं असताना त्यांची मुलं मारणं म्हणजे फारोने, मिसरच्या (इजिप्तच्या) राजाने, स्वतःचंच नुकसान करून घेणं नाही का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. उत्तर बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे, पण घटनांचा क्रम नीट पाहावा लागतो.

मिसरच्या दरबारात मोठ्या पदाला पोहोचलेल्या योसेफ या इस्राएलांच्या पूर्वजाची ओळख नसलेला नवा राजा गादीवर येतो आणि म्हणतो की हे लोक फार वाढलेत, उद्या युद्ध झालं तर शत्रूला मिळतील, आपल्याशी लढतील आणि देश सोडून जातील. त्याची भीती अशी दुहेरी आहे. हे लोक वाढायला नकोत आणि हातचे जायलाही नकोत. तोवर इस्राएलांनी एक दगडही उचललेला नाही, हे विसरू नका.

या भीतीला मिसरच्या इतिहासात आधार सापडतो. पूर्वेकडून आलेल्या हिक्सोस राजांनी नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या अवारिसहून शंभरेक वर्षं राज्य केलं. इ.स.पू. १५५०च्या सुमारास अहमोसने त्यांना हाकललं. इस्राएलांची वस्ती असलेलं गोशेन त्याच पूर्व भागात, त्यांच्या मूळ कनान देशाच्या वाटेवर मानलं जातं. तिथल्या परक्या वस्तीकडे दरबार संशयाने पाहत असणार, असं मला वाटतं. इस्राएलांच्या गुलामीची थेट मिसरी नोंद मात्र मिळालेली नाही. फारोचं नावही ग्रंथात नाही. रामसेस नगराच्या उल्लेखामुळे बरेच अभ्यासक दुसऱ्या रामसेसचा (इ.स.पू. १२७९–१२१३) काळ धरतात, काही जण त्याआधीचा.

आता क्रम पाहा. आधी वेठबिगार. पिथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरं बांधून घेतली, पण मूळ हेतू लोकांना कष्टाने जेरीस आणून त्यांची वाढ रोखण्याचा होता. ते साधलं नाही, उलट छळ वाढला तसे लोकही वाढले. मग शिप्रा आणि पुवा या सुइणींना गुपचूप हुकूम दिला की मुलगा झाला तर मारा, मुलगी झाली तर जगू द्या. इथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. तान्हं बाळ मारल्याने आज विटा पाडणारा एकही हात कमी होत नाही. मजुरांची तूट पडली तरी ती पुढच्या पिढीत. राजाला धास्ती युद्धाची होती, म्हणून त्याने उद्याचे सैनिक वेचले. वंश बापाकडून मोजणाऱ्या समाजात मुली परक्या घरांत सामावून जातील, असाही हिशेब असावा.

सुइणींनी ऐकलं नाही. जाब विचारल्यावर त्या म्हणाल्या की इब्री (इस्राएली) बाया मिसरी बायांसारख्या नसतात, दणकट असतात, आम्ही पोहोचायच्या आत बाळंत होतात. राजाला हे पटलं, कारण हे लोक आपल्यासारखे नाहीत असं तो आधीच धरून बसला होता. त्याच्याच पूर्वग्रहाच्या मापाने त्यांनी उत्तर बेतलं. या दोघींचं धाडस मला, पुढे काठीने चमत्कार करत इस्राएलांना सोडवणाऱ्या मोशेच्या धाडसापेक्षा कमी वाटत नाही. त्यांच्या मागे ना काठी होती, ना चमत्कार.

त्यानंतर गुपित संपलं. मुलगे नदीत टाका, हा हुकूम फारोने आपल्या सगळ्या प्रजेला दिला. आता शेजारीपाजारीही या पापात ओढले गेले.

याबरोबर पाचवा अध्याय जरूर वाचा. तोवर तो राजा मेलेला असतो, पण वेठ तशीच चालू असते. मोशे सुट्टी मागतो तेव्हा नवा फारो विटांसाठी मिळणारा पेंढा बंद करतो. तो स्वतः गोळा करायचा, विटांचा आकडा मात्र तोच. आकडा भरला नाही की मार मिसरी मुकादमांना नाही, त्यांनी नेमलेल्या इस्राएली नायकांना पडतो. मिसरमधल्या थेबेसला रेखमिरे या वजिराच्या थडग्यात परदेशी कैदी विटा पाडतानाचं चित्र आहे, देखरेख करणाऱ्याच्या हातात काठी आहे. ते पाहिलं की हा अध्याय अंगावर येतो. आपल्याकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांत वल्हांडणाच्या सणाला (मिसरमधून सुटकेच्या आठवणीचा सण) हीच कथा वाचतात. पुण्यात १८७४ साली तिची मराठी-हिब्रू हगादाही, म्हणजे त्या सणाला वाचायची पोथी, छापली गेली. सणाच्या ताटातला हारोसेत हा गोड लगदा त्याच विटांच्या गाऱ्याची आठवण आहे.

मार खाल्लेले ते नायक आधी फारोकडे दाद मागतात. तिथे आळशी ठरवून हाकलल्यावर बाहेर उभ्या असलेल्या मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन यांच्यावर उखडतात, की तुम्हीच आमचा जीव घ्यायला याच्या हाती तलवार दिलीत.