एकशे ऐंशी गोळ्या आणि एक चिठ्ठी

गिरगावच्या एका वाचकांनी वडिलांसाठी अल्प्राझोलम या चिंतेवरच्या औषधाच्या पाव मिलिग्रॅमच्या १८० गोळ्या अ‍ॅपवरून मागवल्या. अ‍ॅपवरच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर दोन मिनिटं बोलणं झालं, चिठ्ठी मिळाली. पार्सल वाटेत अडवलं गेलं आणि चौकशीची नोटीस आली. ‘घरच्या माणसाचं औषध, यात गुन्हा कसला?’ असं ते विचारतात. अशी पत्रं मला सारखी येतात.

तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण प्रकरण ठरणार आहे ते एनडीपीएस, म्हणजे अमली आणि मनोविकारी पदार्थांच्या कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांमधल्या नियम ६६ वर. स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रा, म्हणजे इथे १०० गोळ्या, जवळ ठेवता येतात. उपचार दीर्घकाळ चालणारा असेल आणि नोंदणीकृत डॉक्टरांनी तसं खास लिहून दिलं असेल, तरच ३०० पर्यंत. तुमच्या गोळ्या १८०, म्हणजे चिठ्ठीशिवाय सुटका नाही. व्हिडिओवरची चिठ्ठी दाखवू नका. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एनडीपीएसमधलं औषध असं लिहूनच देता येत नाही.

वडिलांच्या नेहमीच्या डॉक्टरांची, मागणीच्या आधीची चिठ्ठी घरात आहे का? तिच्यावर सही, तारीख, वडिलांचं नाव-पत्ता, डोस आणि एकूण गोळ्या किती हे हवं. नसेल तर जुन्या तारखेची लिहून आणायला जाऊ नका, डॉक्टरही अडकतील. त्याऐवजी जुन्या केमिस्टकडे जा. हे औषध शेड्यूल एच-१ या कडक नोंदीच्या यादीतलं आहे, केमिस्टला त्याच्या विक्रीची नोंदवही तीन वर्षं ठेवावी लागते; वडिलांची जुनी खरेदी तिथे सापडू शकते.

शिक्षा किती ते वजनावर ठरतं. तुमच्या गोळ्यांत मूळ औषध जेमतेम ४५ मिलिग्रॅम. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर अख्ख्या गोळीचं वजन धरतात. एक गोळी १०० मिलिग्रॅमची धरली तरी १८ ग्रॅम होतात. अल्प प्रमाणाची मर्यादा ५ ग्रॅमची आहे. त्याहून जास्त, पण व्यापारी प्रमाणाहून कमी असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. व्यापारी प्रमाण १०० ग्रॅमचं असल्यामुळे जामिनाची कडक अट बहुधा लागणार नाही. पार्सल तुमच्या नावावर आणि औषध वडिलांचं, हा मुद्दा सरकारी वकील काढतील का, ते आज सांगता येत नाही.

नोटीस येऊन तीन आठवडे झाले आणि तुम्ही आत्ता विचारताय! उद्याच वकील गाठा, त्यांच्याशिवाय जबाबाला जाऊ नका. आणि वडिलांना आजच डॉक्टरांकडे प्रत्यक्ष न्या. ही गोळी एकदम तुटली तर झटके येऊ शकतात.