मुलाच्या बाजूने टेबलावर कोण बसलंय?

गेल्या महिन्यात व्यावसायिक बॉक्सिंगवर लिहिलं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतो.

माझा मुलगा वीस वर्षांचा आहे, राज्य पातळीवर खेळलाय. एका प्रमोटरने पाच वर्षांचा करार पाठवलाय. मॅनेजर म्हणून प्रमोटरच्याच सख्ख्या भावाचं नाव घातलंय. पहिल्या लढतीचे एक लाख देणार म्हणतात. सही करू द्यावी का? (एक आई, साखळी)

ताई, आहे त्या कागदावर नको. एक लाख कमी की जास्त, हे नंतर बघू. प्रमोटर लढत भरवतो, तिकिटं विकतो. बॉक्सरला जितके कमी देईल तितके त्याच्याकडे उरतात. मॅनेजरचं काम नेमकं उलटं. मुलासाठी भांडून रक्कम वाढवून घ्यायची, आणि झेपणार नाही असा प्रतिस्पर्धी पुढे आला तर नाही म्हणायचं. हे दोघे भाऊ असतील तर तुमच्या मुलाच्या बाजूने बोलणारं टेबलावर कोणीच नाही.

अमेरिकेत हा प्रकार इतका बोकाळला की २००० साली मुहम्मद अलीच्या नावाने कायदा करावा लागला. प्रमोटर आणि मॅनेजर यांनी एकमेकांच्या धंद्यात हितसंबंध ठेवायचे नाहीत, आणि लढतीतून आपल्याला किती मिळणार हे प्रमोटरने बॉक्सरला सांगायचं, असं त्यात आहे. पण हितसंबंधांची बंदी दहा किंवा जास्त फेऱ्यांच्या लढतींनाच लागू होते. चार-सहा फेऱ्या लढणारा नवा पोर, ज्याला तिची सर्वांत जास्त गरज, तोच बाहेर राहिला. आपल्याकडे तर व्यावसायिक बॉक्सिंगसाठी असा वेगळा कायदाच नाही. करारात जे लिहून घ्याल तेवढंच तुमचं.

आता त्या लाखाचा हिशेब. मॅनेजरचा वाटा ब्रिटनमध्ये २५ टक्क्यांपर्यंत असतो, अमेरिकेत काही ठिकाणी एक तृतीयांशापर्यंत जातो. २५ धरा, राहिले ७५ हजार. प्रशिक्षकाचे रिवाजाप्रमाणे १० टक्के गेले, राहिले ६५. त्यातून दोन महिन्यांचा खुराक, स्पॅरिंगसाठी (सरावाच्या लढतींसाठी) बाहेरगावी राहणं, रक्ततपासण्या, मेंदूचा एमआरआय. आणि वर्षात लढती किती देणार, हे करारात आहे का? नसेल तर मुलगा पाच वर्षं बांधलेला आणि प्रमोटर मोकळा.

मुदत दोन वर्षांवर आणा. वर्षाला किमान लढती लिहून घ्या, न दिल्यास करार आपोआप रद्द. इजा झाली तर उपचारांचा खर्च प्रमोटरचा. मॅनेजर तुमच्या पसंतीचा. कागद वकिलाला दाखवल्याशिवाय पेन हातात घेऊ देऊ नका. ‘उद्या दुपारपर्यंत सही हवी’ म्हणत असतील तर परवा या म्हणून सांगा.

मांडवीतले कसिनो हटवा म्हणून आम्ही ओरडतोय, आणि २०२१ मध्ये तिथल्याच जहाजावर विजेंदर सिंगची लढत झाली. हे नैतिक आहे का? (एक वाचक, पणजी)

१९ मार्च २०२१, मॅजेस्टिक प्राइड जहाजाचं छत. विजेंदर तोवर बाराच्या बारा व्यावसायिक लढती जिंकलेला होता. रशियाच्या आर्टिश लोपसानने त्याला पाचव्या फेरीत हरवलं. कसिनो आणि बॉक्सिंगची सोयरीक जुनी आहे, लास वेगास तिच्यावरच बॉक्सिंगची राजधानी झालं. कसिनो लढतीला पैसे मोजतो, कारण लढत संपली की प्रेक्षक जुगाराच्या टेबलाकडे वळतो. मला हे पटत नाही. धिरयोवर, म्हणजे बैल-रेड्यांच्या झुंजीवर, न्यायालयाने बंदी घालून किती वर्षं झाली, तरी पैजांच्या पैशांवर ती कुठे ना कुठे लागतेच. जखमी रेड्याचं पुढे काय झालं, हे पैज जिंकलेला विचारत नाही.

पण जहाज म्हटलं की मला जुगाराच्या आधी मधलं पाणी दिसतं. १९९१ साली लंडनमध्ये ख्रिस युबँकशी लढताना मायकेल वॉटसन कोसळला. मेंदूच्या इजेवर लागणारे तातडीचे उपचार रिंगपाशी मिळाले नाहीत, आणि आधी ज्या रुग्णालयात नेलं तिथे न्यूरोसर्जरीच नव्हती. तो जगला, पण आयुष्यभराचं अपंगत्व आलं. पुढे अपील न्यायालयाने ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोलला जबाबदार धरलं: नियम तुम्ही करता, तर काळजीही तुमची. कवटीत रक्तस्राव सुरू झाला की एकेक मिनिट मोलाचं असतं. म्हणून नदीत लढत ठेवणाऱ्याला मी तीन गोष्टी विचारेन. इंजिन चालू ठेवलेली बोट कुठे आहे? जेटीवर व्हेंटिलेटरची ॲम्ब्युलन्स उभी आहे का? आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) आधी कळवलंय का?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी शेजारच्या राज्यात एका मुलाच्या कॉर्नरला, म्हणजे लढतीत त्याला सांभाळायला, होतो. आयोजकाने तीन दिवस आधी फोन केलेला, पोर चार किलो वजन उतरवून गेला. हरला, पण स्वतःच्या पायांनी खाली उतरला. कपडे बदलायच्या खोलीत बुटाची नाडी सोडायला वाकला आणि बोटं नुसती नाडीवरून फिरत राहिली. गाठ सापडेना. डॉक्टर तोवर निघून गेले होते. आम्ही रिक्षाने रुग्णालय गाठलं. मुलगा बरा झाला. पुन्हा मी त्याला रिंगमध्ये उतरू दिलं नाही.

एका वजनगटात चार-चार जगज्जेते कसे? (एक विद्यार्थी, फोंडा)

डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ या चार संघटना आपापला जेतेपदाचा पट्टा देतात आणि प्रत्येक जेतेपदाच्या लढतीतून शुल्क घेतात, साधारण मानधनाच्या ३ टक्के. जितके पट्टे तितकं शुल्क. जेतेपदाची लढत कोणाला मिळणार हे ज्यावर ठरतं ती क्रमवारीही त्यांचीच. आयबीएफचा संस्थापक रॉबर्ट ली याच्यावर क्रमवारीसाठी पैसे घेतल्याचा खटला चालला. लाचखोरीच्या आरोपांतून सुटला, पण करचुकवेगिरी आणि काळा पैसा पांढरा करण्याच्या (मनी लाँड्रिंग) आरोपांत दोषी ठरून तुरुंगात गेला.

सौदीच्या पैशाने बॉक्सिंग सुधारलं की बिघडलं? (एक निवृत्त शिक्षक, डिचोली)

सर, सत्तेने बॉक्सिंगमधून नाव कमावणं नवं नाही. १९७४ साली अली-फोरमन लढत किन्शासाला झाली ती झाईरचा हुकूमशहा मोबुटू याच्या राजवटीने प्रत्येकी ५० लाख डॉलर देऊ केले म्हणून. पण टीव्हीचा पैसा नंतर आटत गेला. लढती दाखवणाऱ्या अमेरिकी वाहिन्यांपैकी एचबीओ २०१८ अखेर बाहेर पडलं, शोटाइम २०२३ मध्ये. ती जागा रियाधने भरली. बॉक्सरांना रकमा मिळाल्या, आणि एकमेकांचं तोंड न बघणारे प्रमोटर एकत्र आले. १८ मे २०२४ ला युक्रेनच्या उसिकने ब्रिटनच्या फ्युरीला हरवलं, तेव्हा १९९९ नंतर पहिल्यांदा हेवीवेटला सगळे मोठे पट्टे असलेला एकच निर्विवाद जगज्जेता मिळाला. एवढं श्रेय द्यायलाच हवं.

माझी हरकत वेगळी आहे. सौदी सरकारचे अधिकारी तुर्की अल-शेख लढतींना पैसा पुरवतात, २०२४ मध्ये त्यांनी क्रमवारी छापणारं ‘द रिंग’ मासिकही विकत घेतलं, आणि पुढे यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या संस्थेच्या मालक कंपनीबरोबर नवी बॉक्सिंग संस्था उभी केली. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेत विधेयक आलं, त्यात अशा एकाच संस्थेला लढती भरवायला, पट्टे द्यायला आणि क्रमवारी ठरवायला वाट करून दिली आहे. किमान मानधन आणि विमा वाढवायच्या तरतुदी त्यात आहेत, त्या चांगल्या. पण साखळीच्या ताईंच्या करारातले ते दोन भाऊ आठवा. इथे तर भाऊही नको, एकच माणूस पुरे.

मी १७ वर्षांची. प्रो व्हावं की ऑलिंपिकचं स्वप्न बघावं? मुलींना पैसे कमीच मिळतात ना? (एक मुलगी, पेडणे)

हो बाय, कमी मिळतात. बायकांच्या फेऱ्या बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांच्या, आणि कमी मानधनाला तेच निमित्त सांगितलं जातं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बायकांची लढत मुख्य लढत म्हणून व्हायला २०२२ साल उजाडावं लागलं, आयर्लंडची केटी टेलर विरुद्ध अमांडा सेरानो. त्या केटीने २०१२ ला ऑलिंपिक सुवर्ण घेतलं आणि प्रो झाली ती तिसाव्या वर्षी. तोवर तिचं नाव एवढं मोठं होतं की तिला कोणी तीन दिवस आधी फोन करून बोलावू शकत नव्हतं. लॉस एंजेलिस २०२८ मध्ये बॉक्सिंग नक्की आहे. तू अजून हौशीच खेळ, बारावी पूर्ण कर. आणि स्पॅरिंगमध्ये डोकं दुखलं तर लपवू नकोस, त्याच दिवशी सांग.