यूट्यूबऐवजी मुक्त, विकेंद्रित असं काही आहे का? मी शिकवण्याचे व्हिडिओ बनवतो, ते कुठे टाकू?

आहे. माझ्या मते पीअरट्यूब. पण ती यूट्यूबसारखी एकच साइट नाही, हे आधी लक्षात घ्या. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. फ्रामासॉफ्ट ही फ्रान्समधली ना-नफा संस्था ते सांभाळते आणि कोणीही ते आपल्या सर्व्हरवर चालवू शकतो. हे सर्व्हर मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या विकेंद्रित नेटवर्कच्याच प्रोटोकॉलने (संवादाच्या ठरलेल्या नियमांनी), म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीपबने, एकमेकांशी बोलतात. त्यामुळे मॅस्टोडॉनवरचा माणूस तिथूनच तुमचं चॅनल फॉलो करतो आणि त्याने तिथे लिहिलेलं उत्तर तुमच्या व्हिडिओखाली कमेंट म्हणून दिसतं. त्याला नवीन खातं काढावं लागत नाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

एकच व्हिडिओ बरेच जण एका वेळी पाहत असले की त्यांचे ब्राउझर त्याचे तुकडे आपापसात देतात-घेतात, त्यामुळे छोटा सर्व्हरही तग धरतो. मात्र यात पाहणाऱ्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याचा क्रमांक) इतर प्रेक्षकांना कळू शकतो. नको असेल तर सेटिंगमधून हे बंद करता येतं.

जाहिराती नाहीत, म्हणजे त्यांची कमाईही नाही. प्रेक्षकही आपोआप येत नाहीत. तरी एका कंपनीवर विसंबून राहणं किती धोक्याचं, हे ब्लेंडर या मुक्त थ्रीडी सॉफ्टवेअरवाल्यांनी अनुभवलंय. जून २०१८ मध्ये यूट्यूबवरचे त्यांचे व्हिडिओ जगभर ब्लॉक झाले, कारण त्यांना जाहिराती नको होत्या. मग त्यांनी स्वतःचा पीअरट्यूब सर्व्हर उभा केला.

तुम्ही लगेच सर्व्हर उभारू नका. आधी दुसऱ्याच्या सर्व्हरवर खातं काढा, पण त्याचं माहितीचं पान नीट वाचून. कोण चालवतं, खर्च कुठून निघतो, जागा किती मिळते, कुठले विषय चालतात, हे सगळं पाहा. सर्व्हर बंदही पडतात. युरोपियन संघाच्या संस्थांसाठी २०२२ मध्ये सुरू झालेला ईयू व्हिडिओ २०२४ मध्ये बंद झाला. म्हणून मूळ फाइली स्वतःकडे ठेवाच.

ब्लॉकचेनवाल्या (क्रिप्टोचलनामागच्या तंत्रावर चालणाऱ्या) पर्यायांच्या वाटेला मी जाणार नाही. असाच पर्याय बनवणारी एलबीआरवाय कंपनी टोकन (डिजिटल नाणी) विक्रीच्या खटल्यात अमेरिकी नियामकाकडून हरली आणि २०२३ मध्ये तिने गाशा गुंडाळला.

यूट्यूबचं चॅनल आताच बंद करायचीही गरज नाही. सर्व्हर चालवणाऱ्याने सोय सुरू ठेवली असेल तर यूट्यूबवरचे तुमचे नवे व्हिडिओ पीअरट्यूबवर आपोआप येत राहतात.