सोलापुरात गावरान कोंबड्यांना लासोटा लस नळाच्या पाण्यातून दिली तर चालते का?

नळाच्या पाण्यातून देऊ नका. लासोटा ही मानमोडीची (राणीखेत) जिवंत विषाणूची लस आहे आणि पाण्यातलं क्लोरीन तो विषाणूच मारून टाकतं. मग लस पाजली काय नि न पाजली काय! त्याऐवजी:

- बोअर किंवा विहिरीचं, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) न टाकलेलं स्वच्छ गार पाणी घ्या. लिटरला ५ ग्रॅम स्किम मिल्क पावडर आधी मिसळा, मग लस.
- भांडी ब्लीचिंगने धुतलेली नकोत.
- दुकानातून बर्फाच्या थर्मासमध्येच आणा (२ ते ८ अंश). एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, खिशात आणलेली बाटली फुकट गेली समजा.

कोंबड्या तहानलेल्या हव्यात म्हणून आधी दोन तास पाणी तोडायला सांगतात. उन्हाळ्यात मी तासभरच म्हणेन, तेही पहाटे. लसीचं पाणी एक-दोन तासांत संपलं पाहिजे, उरलेलं ठेवू नका. मात्र हे सगळं बूस्टरसाठी, म्हणजे चौथ्या आठवड्याच्या आसपासच्या पुढच्या डोससाठी. ५ ते ७ दिवसांच्या पिल्लांना पहिला डोस डोळ्यात किंवा नाकात थेंबानेच द्या, कारण पाणी सगळी पिल्लं सारखं पीत नाहीत.