आठ महिने झाले, पण फोन करावा असं इथं कुणीच नाही

प्रश्न: ताई, नवऱ्याची बदली झाली म्हणून आठ महिन्यांपूर्वी आम्ही परदेशात आलो. मी नऊ वर्षं अकाउंट्समध्ये होते, ती नोकरी सोडून आले. माझा डिपेंडंट व्हिसा आहे, त्यावर काम करता येत नाही. नवरा सकाळी जातो तो सातला उगवतो, त्याला टीम आहे, लंच आहे, मला काय तर वॉशिंग मशीन. प्रयत्न केले नाहीत असं नाही हं, बुक क्लब, योगा, हायकिंगचा ग्रुप, आपल्या भाषेच्या लोकांचं गेट टुगेदर, सगळीकडे जाऊन आले. लोक छान बोलतात, नंबर घेतात आणि पुढे काहीच नाही. व्हॉट्सॲपवर ७ ग्रुप आहेत पण परवा ताप आला तेव्हा कुणाला फोन करावा तेच सुचेना. माझ्यातच काही कमी आहे का? सगळी चिडचिड नवऱ्यावर निघते.

उत्तर: अगं, कमी आहे ते तासांमध्ये. तू अकाउंट्सवाली, तर आधी हिशोबच मांडू. तू लिहिलंयस ‘सगळीकडे जाऊन आले’, या तीन शब्दांतच सगळं आलं बघ. चार ठिकाणी एकेकदा, धर दोन-दोन तास, म्हणजे आठ महिन्यांत आठ तास, तेही चार वेगवेगळ्या घोळक्यांत वाटलेले. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये नुकतंच गाव बदललेल्या मोठ्या माणसांना विचारून असाच हिशोब काढला होता. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, खरी मैत्री म्हणावी अशी व्हायला ९०, आणि जवळची मैत्रीण व्हायला २०० च्या वर. आणि हे तास एकाच माणसाबरोबरचे बरं का! आठवड्याला दोन तास भेटलीस तरी पहिल्या ५० लाच सहा महिने जातात. त्यामुळे पहिल्या भेटीनंतर फोन आला नाही म्हणजे तू आवडली नाहीस असं नसतं, त्यांच्याकडे तुझे दोनच तास जमा आहेत एवढंच.

म्हणून या चारांतलं किंवा नवं, पण एकच निवड आणि तिथं दर आठवड्याला जा, निदान तीन महिने, मूड असो नसो. निवडताना माझा कल नेहमी हाताला काम असलेल्या ग्रुपकडे असतो, विणकाम, बागकाम असलं काहीही. बुक क्लबात सारखं बोलावं लागतं आणि भाषा आपली नसली की दोन वाक्यांतच घाम फुटतो, हातात सुई असली की गप्प बसलेलंही चालून जातं. आणि दहा मिनिटं आधी जा, दहा मिनिटं उशिरा निघ. योगा चालू असताना मैत्री कशी होणार, डोळे मिटलेले असतात! ती होते नंतर चटया गुंडाळताना.

मी पण अशीच नवऱ्याच्या मागोमाग गेलेली, आणि भरतकामाच्या एका ग्रुपात पहिले चार आठवडे दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, कोट मांडीवर, म्हणजे कधीही सटकता यावं. पाचव्या आठवड्यात सर्दी झाली म्हणून गेले नाही. सहाव्याला गेले तर शेजारी बसणाऱ्या आजींनी खुर्चीवरची त्यांची पिशवी उचलली आणि म्हणाल्या, गेल्या खेपेला पण ठेवली होती गं तुझ्यासाठी. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आणि त्यांचं नाव मी महिनाभर चुकीचंच घेत होते हे त्या दिवशी कळलं, त्यांनी एकदाही सुधारलं नव्हतं.

जमलं तर तिथली एखादी बारीक जबाबदारी पण घे, खुर्च्या लावणं, हजेरीची वही, काहीही. आपल्याकडे काम असलं की लोक आपली वाट बघतात, आणि नोकरी गेल्यावर सगळ्यात जास्त आठवतं ते तेच असतं ना, कुणीतरी वाट बघणं. फक्त व्हिसाच्या अटी आधी नीट वाच. काही देशांत कर्मचाऱ्याच्या जागी केलेलं बिनपगारी काम पण कामच धरतात, आणि जुन्या कंपनीचं काम घरून लॅपटॉपवर करणं पण सगळीकडे चालत नाही.

आता तापाचं. त्यासाठी ७ ग्रुप उपयोगाचे नाहीत, दोन दारं सोडून राहणारं माणूस पाहिजे. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या वसाहतीचा अभ्यास छापला, तिथं शिकायला आलेले विवाहित विद्यार्थी बायकामुलांसकट राहायचे, सगळे नवखे, घर निवडायची सोय नाही. त्यांना विचारलं, तुमचं जास्त येणंजाणं कुणाशी? तर लागून असलेल्या दारांपैकी ४१ टक्के नावं घेतली गेली, त्याच मजल्याच्या पार टोकाच्या दारांपैकी फक्त १० टक्के. अंतर म्हणशील तर मीटरमध्ये मोजण्याइतकंच. आणि जिन्याच्या पायथ्याशी, टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर पण ओळख, कारण सगळ्यांची ये-जा त्यांच्याच दारावरून. आपल्याला दार बदलता येत नाही, पण टपाल काढायची वेळ तर ठरवता येते! रोज त्याच वेळी खाली जा. शेजारणीकडे स्क्रू ड्रायव्हर माग, घरात असला तरी माग. मागायला एकदा, परत द्यायला एकदा, दोन भेटी झाल्या. तिचं पार्सल घेऊन ठेव. मग कधीतरी किल्ली ठेवायची वेळ येते आणि त्यानंतर ताप आला की कुणाला फोन करायचा हा प्रश्न उरत नाही.

आपल्या भाषेच्या लोकांत जात राहा, तिथं जीभ सैल होते, ते पण लागतं. पण नवऱ्याच्या ऑफिसातल्यांच्या बायका एवढंच तुझं जग होऊ देऊ नको. चांगल्या असतात गं, पण नवऱ्याच्या साहेबांच्या बायकोपुढे नवरा किती उशिरा येतो म्हणून रडता येतं का?

नवऱ्याबद्दल एक गंमत सांगते. त्याच हॉल यांना असं पण दिसलं की नुसते कामावर एकत्र काढलेले तास मैत्रीत फारसे जमा होत नाहीत. म्हणजे त्याला टीम आहे, लंच आहे, पण मित्र असेलच असं नाही, एकदा विचारून बघ. सध्या तुझी मैत्रीण, पेपर आणि भांडायला हक्काचं माणूस, सगळं तो एकटाच आहे, आणि तो सातला घरी येतो तेव्हा थकलेला असतो. आठवड्यातली एक संध्याकाळ तुझी ठरवून घे, त्या दिवशी घर त्यानं बघायचं. आणि खात्यावर तुझं पण नाव घाल, दर वेळी पैसे मागावे लागले की चिडचिड होणारच.

आठव्या महिन्याचं म्हणशील तर लिसगार्ड नावाच्या नॉर्वेच्या संशोधकानं १९५५ मध्येच लिहून ठेवलंय की अमेरिकेत राहिलेल्या २०० हून जास्त नॉर्वेजियन लोकांमध्ये सहा ते अठरा महिने राहिलेलेच सगळ्यात कमी रुळलेले निघाले, त्याहून कमी आणि त्याहून जास्त राहिलेले बरे. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत तसं निघालं नाही, पण तुझं पत्र वाचून मला तेच आठवलं. मात्र दोन आठवडे सलग झोप नाही, कशातच मन लागत नाही असं झालं तर मैत्रिणीची वाट बघू नको, सरळ डॉक्टरकडे जा.

प्रश्न: बायकोच्या नोकरीसाठी मी परदेशात आलोय. मुलीला शाळेत सोडतो, तिथं सगळ्या आया, मी आपला गेटच्या बाजूला मोबाइल बघत उभा. जोडीदारांच्या ग्रुपच्या नावातच ‘वाइव्ह्ज’ आहे. काय करू?

उत्तर: आधी तो मोबाइल खिशात घाला, मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या माणसाशी बोलायला कुणाला धीर होत नाही. ग्रुप चालवणाऱ्या बाईंना सरळ विचारा, मी आलो तर चालेल का? नाव बऱ्याचदा जुनं असतं, कुणी बदलायचा विचारच केलेला नसतो. नाही म्हणाल्या तर पार्करन शोधा, २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात सुरू झालेलं, आता २० च्या वर देशांत चालतं. बहुतेक ठिकाणी शनिवारी सकाळी सगळ्यांनी मिळून बागेत ५ किलोमीटर पळायचं, फुकट, चाललात तरी कुणी काही म्हणत नाही. त्याच बागेत, त्याच वेळी, तीच माणसं. आणि पळायचा कंटाळा असेल तर शेवटी पळणाऱ्यांचे बारकोड स्कॅन करायला उभे राहा, वेळ नोंदवायची म्हटली की प्रत्येकाला तुमच्यासमोर थांबावंच लागतं.